दोन बोटं वाढवून

जून आला की माझ्या दुकानात पोरं वाढून येतात. मे महिन्यात रस्त्यात दिसलेलं पोर आणि जूनमध्ये टेपेसमोर उभं राहिलेलं पोर एकच, यावर माझा काही केल्या विश्वास बसत नाही. पोलादपूरच्या स्टँडपासून चार पावलांवर माझं शिवणाचं दुकान. दुकान कसलं, दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि भिंतीला टेकून उभे केलेले आकाशी आणि गडद निळ्या कापडाचे तागे. पण या पंधरा दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. नव्या कापडाच्या खळीचा वास, मशीनच्या तेलाचा वास, कोपऱ्यात निथळत ठेवलेल्या छत्र्यांचा वास आणि या सगळ्यावर पोरांचा गलका! मला या दिवसांत जेवणखाण सुचत नाही. वर्षभर मी ब्लाउज शिवते, पडदे शिवते, उशांचे अभ्रे शिवते, ते पोटासाठी. गणवेश मी हौसेने शिवते. वाढलेलं पोर मापायला मिळणं यासारखं सुख नाही, असं मी म्हटलं की आमचे हे हसतात. हसू देत.

हे म्हणजे माझे यजमान. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले आणि माझ्या दुकानात वही धरून बसले. मी टेप लावायची आणि आकडा सांगायचा, यांनी तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मग लिहायचा, ही आमची पद्धत. मोठ्याने अशासाठी की चूक होऊ नये. आता जन्मभर घाटात गाडीच्या घरघरीवर ओरडून यांचा आवाज असा झालेला, की यांनी "बाही नऊ!" म्हटलं की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही बाही कळते. पोरं यांना कंडक्टरकाका म्हणतात आणि मुद्दाम पुन्हा विचारतात, "काका, किती?" हे पुन्हा ओरडतात. दुकानात हशा पिकतो. मलाही त्याची गंमत वाटायची. पूर्वी.

आमच्या भागात कुणी पोराचं कापड मापात शिवत नाही. टेप लावून झाली की आई हटकून म्हणते, "वैनी, दोन बोटं वाढवून शिवा हां. वाढतं अंग हाय." म्हणजे जूनमध्ये पोर कपड्यात पोहतं, दिवाळीला कपडा बरोबर बसतो आणि मार्चमध्ये मनगटं बाहेर येतात. शिवाय शिलाईच्या आत मी जादा कापड दुमडून ठेवते, त्याला आम्ही माया म्हणतो. पोर फारच वाढलं तर शिवण उसवायची, माया सोडायची आणि नवी टीप मारायची. प्रत्येक आईची बोटं वेगळी, कुणाची भात लावून फुगलेली, कुणाची काडीसारखी. पण सांगायची सगळ्यांनी दोनच. वर्षाला दोन बोटं. पोरं इतकीच वाढतात, असं आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

आणि मग ती दोन वर्षं आली.

पहिल्या जूनला दुकानात एक पोर आलं नाही. मी सवयीने मशिनांना तेल दिलं, कात्रीला धार लावून आणली आणि दारात बसून राहिले. समोर रिकामा हायवे. तागे भिंतीला तसेच उभे. शेवटी मी आकाशी कापडाचे मास्क शिवायला घेतले आणि महिन्याभरात अर्धं पोलादपूर शाळेच्या गणवेशाचं तोंड घेऊन फिरायला लागलं. चहावाला आकाशी, मेडिकलवाला आकाशी, आमचे हे आकाशी. फक्त ज्यांच्या अंगावर तो रंग असायचा ती कुठे दिसत नव्हती. मला भारी चुकल्यासारखं व्हायचं. पोरं कुठेतरी वाढत असणार आणि मला ते बघायला मिळत नाही, याचा मला अक्षरशः राग यायचा.

त्यात गावोगाव मुंबईची माणसं परत आली. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला. कुणी टेम्पोतून आलं, कुणी चालत आलं, आणि बरोबर पोरं आली. काही लगेच आली, काही वर्षभर मुंबईतल्या खोलीत काढून दुसऱ्या लाटेनंतर आली. त्यांची नावं गावातल्या शाळांत घातली गेली. शाळा म्हणजे तेव्हा मोबाइल. तो धरून पोरं रेंज शोधत टेकाडावर चढायची एवढीच त्यांची कसरत, असं मोरेबाई म्हणायच्या. मोरेबाई कापडे गावाकडच्या एका हायस्कूलमध्ये शिकवतात. त्या शाळेचे गणवेश माझ्याकडे असतात.

मग एके दिवशी, भात पिवळं पडायला लागलं होतं, आणि मोरेबाईंचा फोन आला. "ताई, शाळा सुरू होतेय! पाचवीपासून वर. पुढच्याच आठवड्यात!"

मी फोन टेबलावर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. हे दचकले. जूनमध्ये सुरू व्हायची शाळा भातकापणीच्या तोंडावर सुरू होणार होती, सगळा उलटा मोसम, पण मला काय त्याचं! मी केर काढला, मशिनांवरची फडकी ओढली, बॉबिनी भरल्या. दुसऱ्या दिवसापासून फोनवर फोन. पण पोरं काही आली नाहीत. एसट्या धड चालू नव्हत्या आणि गर्दीत पोरांना न्यायला आया घाबरत होत्या. त्यांनी आपली जुनी रीत वापरली. माप म्हणून पोराचा जुना ड्रेस पाठवला. पिशव्यांवर नाव, इयत्ता, आणि आत घडी घातलेला दोन वर्षांपूर्वीचा गणवेश. मिनिडोअर रिक्षावाला पिशव्या आणून टाकायचा आणि फोनवर आई सांगायची, "वैनी, मापाचा ड्रेस धाडलाय. दोन बोटं वाढवा."

मी यांना म्हटलं, "अहो, दोन वर्षं झाली. चार बोटं घेऊ." आपल्या हुशारीवर मी खूश झाले. हे म्हणाले, "बरोबर." दोघांनी मिळून चार बोटं वाढवली आणि मी एकावर एक कापड टाकून भराभर कापत सुटले. वाढायचं कसं ते पोरांनी माझ्या कात्रीला विचारून ठरवलेलं असावं, अशा थाटात. चार दिवसांत सगळे गणवेश शिवून, घड्या घालून, पिशव्यांत भरून रवाना केले.

शाळा सुरू झाली त्या दुपारी बाईंचा फोन. आवाजात हसू होतं आणि घाईही. "ताई, तुम्ही या. आणि येताना मशीन घेऊन या."

हातमशीन मांडीवर घेऊन मी मिनिडोअरमध्ये बसले. बाजूला हे, वही आणि कापडाचं गाठोडं धरून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिकलेलं भात वाकलेलं. शाळेच्या व्हरांड्यात पोचले आणि बघतच राहिले. सगळी शाळा चुकीच्या मापाची होती. एकाच्या पायजम्याखाली वीतभर पाय दिसत होता. एकीच्या बाह्या कोपरापाशी संपत होत्या. कुणाचं बटण लागत नव्हतं, कुणी चेन उघडी ठेवून वर ओढणी गुंडाळलेली. मास्कच्या वर नुसते डोळे, आणि ते सगळे हसत होते!

"हा कोण?" यांनी एका ताडमाड पोराला विचारलं.

"कंडक्टरकाका, मी ओंकार!" घोगऱ्या, फुटलेल्या आवाजात तो म्हणाला. माझ्या टेबलाखाली बसून रिकाम्या रिळांशी खेळणारा ओंकार. त्याला मापायला मला स्टूल लागलं. चार बोटं कसली, पठ्ठ्या दहा बोटं वाढला होता.

तो दिवस मी विसरणार नाही. पोर समोर उभं राहिलं की मी आ वासायची. दोन वर्षांची वाढ मला एका दुपारी बघायला मिळत होती. इथे राहिलेली कितीतरी पोरं उन्हात, शेतात, नदीवर हिंडून लांबच लांब झालेली, हाडं मोजून घ्यावीत अशी. मुंबईच्या खोलीतून आलेली काही रुंद झालेली, गालांवर मास्कची दोरी रुतलेली. पण असं सरळ भाग करायला जावं तर पुढचं पोर ते मोडून टाकायचं. गावातलाच एक मोबाइलसमोर बसून चांगला गोल झाला होता आणि मुंबईची एक काडी होऊन आली होती.

त्यातच पाचवीतली एक बारकी मुलगी आली. तिचा नवा ड्रेस तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. तिला न्यायला आलेली आई जुना ड्रेस पुढे करून कौतुकाने म्हणाली, "वैनी, हिला जुनाच ऱ्हाऊ द्या. अजून बसतोय बघा, जसाच्या तसा!" मी हसत जुना ड्रेस तिच्या अंगाला लावला. खरंच जसाच्या तसा बसत होता. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, दोन वर्षांपूर्वी मी घातलेली प्रत्येक टीप जागच्या जागी. माझं हसू तिथंच राहिलं. घट्ट झालेल्या ड्रेसचं मला कधी वाईट वाटलं नाही, तो उसवता येतो. बसणाऱ्या ड्रेसची मला भीती वाटली. शाळेतली खिचडी बंद होती. तिचा तांदूळ घरी मिळायचा, पण घरी तो सगळ्यांच्या ताटात जायचा. मी बाईंना बाजूला घेऊन तो ड्रेस दाखवला. दुसऱ्या दिवसापासून त्या तिच्यासाठी रोज डब्यात दोन उकडलेली अंडी जास्तीची आणायला लागल्या.

आता सानिकाचं सांगायला हवं. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय.

सानिका आठवीत होती. विक्रोळीच्या खोलीत सव्वा वर्ष काढून आई-वडिलांबरोबर गावी आलेली, शाळेत नवी. तिचा जुना मुंबईचा फ्रॉक मापाला आला होता आणि त्यावरून मी शिवलेल्या कमीजची चेन अर्ध्यावर अडली होती. ती पाठ भिंतीला लावून उभी होती. मी तिला हाताला धरून पुढे ओढलं, टेप लावली आणि नेहमीच्या पद्धतीने म्हणाले, "छाती छत्तीस. कंबर पस्तीस."

"छाती छत्तीस! कंबर पस्तीस!" हे गरजले. व्हरांडा घुमला. पोरांत खसखस पिकली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ! मी म्हटलं, "काय गो, लॉकडाऊन चांगलाच मानवलेला दिसतोय तुला!"

सगळे हसले. तीसुद्धा हसली, म्हणून मला काहीच वाटलं नाही. मी शिवण उसवली. माया पुरेना म्हणून दोन्ही कुशींना पट्टी जोडायला घेतली. आता त्याच पावसात महाडला पूर आलेला, ज्या दुकानातून मी कापड आणते ते छतापर्यंत पाण्यात गेलेलं. नवं कापड दुसरीकडून आणलं होतं आणि त्याचा आकाशी रंग जरा गडद होता. त्यामुळे सानिकाच्याच काय, निम्म्या शाळेच्या कुशींना त्या वर्षी गडद आकाशी पट्ट्या लागल्या. पोरांना त्या इतक्या आवडल्या की ज्यांना गरज नव्हती तीही पट्ट्या मागायला लागली. मशीनचं हॅंडल फिरवून माझा खांदा भरून आला, पण संध्याकाळी परत येताना मी मिनिडोअरमध्ये गुणगुणत होते.

आठवड्याने बाईंचा फोन आला. "ताई, सानिका येत नाही शाळेत. तुम्ही माप घेतलंत ना, त्या दिवसापासून." मग म्हणाल्या, "पोरं तिला पस्तीस म्हणतात."

मला आधी रागच आला. पोरांचा, बाईंचा, यांच्या आवाजाचा. दुपारभर मी मशीनवर चुकीच्या टिपा मारत बसले. रागवायला बाकी कुणी उरलं नाही तेव्हा मला कळलं की हसण्याची सुरुवात माझ्या तोंडून झाली होती. गावाकडे आठवीतली मुलगी एकदा घरी बसली की दिवाळीपर्यंत बसते. मग वर्ष जातं आणि मग कुणीतरी म्हणतं की आता कशाला. हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. माझ्या टेपेने कुणाची शाळा सुटावी, हे मला सोसवेना.

मी तिच्या घरी गेले. कापड्याच्या पुढे, रस्त्यापासून वर चढून तिची वाडी. अंगणात झोडलेलं भात वाळत होतं आणि ती बापाचा जुना शर्ट घालून, हातात काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली होती. मला बघून उठली आणि आत जायला लागली.

"सानिका, थांब जरा."

"मम्मी शेतावर गेलीये."

"मम्मीकडे नाही, तुझ्याकडे आलेय."

ती थांबली, पण पाठमोरीच. "ड्रेस होतोय मला आता. चेन लागते," ती म्हणाली.

"मग शाळेत का जात नाहीस?"

"सगळ्यांना माहीत झालं ना." मग वळून म्हणाली, "पोरं म्हणतात, पस्तीस आली, पास झाली. काकू, मी तिकडे खो-खोत होते. चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जायचे. मग सगळं बंद झालं. खोलीत पलंग टाकला की चालायलाच जागा नव्हती. बाहेर गेलं की पप्पा घाबरायचे. म्हणायचे, बस, मोबाइल बघ, खा काहीतरी. मी काय मुद्दाम केलं का हे?"

शेवटचं वाक्य ती जोरात म्हणाली. कोंबड्या भाताकडे वळल्या होत्या. मी तिच्या हातातली काठी घेतली आणि हाकलल्या. काहीतरी करायला मिळालं म्हणून बरं वाटलं. आमच्या पिढीला लहान पोरांची माफी मागता येत नाही. आम्ही खाऊ देतो, डोक्यावरून हात फिरवतो आणि विषय बदलतो. मी बरोबर आणलेला चिवडाही पिशवीत होता. पण मी तो काढला नाही. म्हटलं, "चुकलं माझं. तुझं माप तुझं होतं. मी ते गावभर वाटलं."

ती आत गेली नाही.

महाडजवळचं नाते गाव हे माझं माहेर. तिथे चोळ्या शिवणारी एक म्हातारी होती. तिला आकडे वाचता येत नव्हते. ती सुतळीने माप घ्यायची, अंगाभोवती सुतळी फिरवायची आणि तिथेच तोडायची. तिच्या चोळीची शिवण कधी ओढली नाही की सैल झाली नाही. कात्री कशी धरायची हे मला तिनेच शिकवलं आणि मी टेप घेतल्यावर तिची सुतळी विसरून गेले होते. त्या अंगणात ती मला आठवली. माझ्या पिशवीत सलवारीच्या नाडीचं बंडल असतंच. ते आणि कात्री मी सानिकाच्या हातात दिलं.

"आत जा, दार लाव. लांबी, छाती, कंबर, तिन्हीला नाडी लाव आणि जिथे पुरी होईल तिथे काप. लांबीच्या टोकाला एक गाठ मार, छातीच्या दोन, कंबरेच्या तीन. मी आकडा बघणार नाही. कुणीच बघणार नाही. मी त्यावर नवा ड्रेस शिवते, पट्टीशिवाय, आणि सोमवारी शाळेत घेऊन येते."

"आणि काका?"

"काकांना मी बघून घेते."

ती पहिल्यांदा हसली. आत गेली, बराच वेळ लावला, आणि तीन नाड्या माझ्या हातात ठेवून म्हणाली, "पट्टी पायजेच पण. सगळ्यांना हाय." मुंबईची पोरगी, तोंडात मात्र एव्हाना पोलादपूर आलेलं!

मी तिन्ही नाड्या कापडावर टाकल्या आणि खडूने रेघ ओढली. टेप हातात घेतली नाही. खोटं कशाला बोलू, एकदा हात गेला होता टेपेकडे, मोजून बघायचा मोह झाला होता. यांनी नुसतं बघितलं. मी टेप खणात टाकली. सोमवारी ड्रेस घेऊन मी स्वतः शाळेत गेले आणि व्हरांड्यात उभी राहिले. प्रार्थना सुरू झाली. ती नव्हती. प्रार्थना संपत आली. मी फाटकाकडे बघत होते आणि माझ्या हातातल्या पिशवीच्या बंदांची मी पिळून पिळून दोरी केली होती. आणि मग रस्त्याच्या चढावर ती दिसली, दप्तर छातीशी धरून, जुन्याच पट्टीच्या ड्रेसमध्ये, धापा टाकत येताना. उशीर झाला म्हणून ती पळत होती! मला इतका आनंद झाला की मी चालू प्रार्थनेत "आली!" म्हणून ओरडले. त्या दिवशी कंडक्टर मी झाले होते.

त्यानंतर मी दुकानात आकडा म्हणणं बंद केलं. आता प्रत्येक पोराच्या नाड्या चिठ्ठी बांधून भिंतीवरच्या खिळ्यांना लटकतात. जून आला की पोरं आधी आपला खिळा शोधतात. मागच्या वर्षीची नाडी आणि या वर्षीची नाडी शेजारी धरायची आणि ओरडायचं, "काकू, पुढे गेली! एवढी पुढे गेली!" आकड्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पाचवीतल्या त्या बारक्या मुलीची नाडी पहिल्या वर्षी जेमतेम नखभर सरकली. दुसऱ्या वर्षी तिने दोन्ही नाड्या धरल्या आणि फरक माझ्या चार बोटांएवढा निघाला. मी तिला उचलून गोल फिरवलं आणि कंबरेत लचक भरली. तीन दिवस मशीनवर बसता आलं नाही. हे म्हणाले, "आता तुझी कंबर कोण मोजणार?" मोजू देत कुणालाही.

सानिकाच्या नाड्या मात्र शहाण्यासारख्या पुढेच गेल्या असं नाही. लांबीची दरवर्षी पुढे. कंबरेची एकदा मागे आली, दहावीला परत पुढे गेली, अकरावीला तिथेच राहिली. ती दरवर्षी पडद्यामागे जायची, स्वतः कापायची आणि मला द्यायची. मी कधी विचारलं नाही. शाळेच्या खो-खोच्या संघात ती आली तेव्हा तिने येऊन सांगितलं नाही, मला बाईंनी सांगितलं. बाजारात भेटली की लांबूनच हात हलवायची. ती मला पुरती माफ करून मोकळी झाली की नाही, हे मला या चार-पाच वर्षांत कळलं नव्हतं आणि विचारायचा धीर नव्हता.

परवा दुकान गच्च भरलं होतं. आया, पोरं, छत्र्या, पिशव्या. ती दारातून आत आली ती वाकूनच, इतकी उंच झालीय. खांदे भरलेले, चालणं दणदणीत.

"काकू, नर्सिंगला नंबर लागला! युनिफॉर्म शिवायचाय."

मी मशीनवरून उठलेच. पेढा मागितला, पाठीत धपाटा घातला आणि खिळ्यावरून तिच्या नाड्यांचा जुडगा काढून नवं बंडल तिच्या पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"आज टेप," ती म्हणाली. "आणि आकडा मोठ्याने."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात निदान पंधरा माणसं होती. कोपऱ्यात सातवी-आठवीतली एक गुबगुबीत मुलगी आईच्या मागे लपून उभी होती, मघापासून मी तिला पाहत होते. सानिकाने पण तिला पाहिलं होतं की काय, कोण जाणे.

मी खणातून टेप काढली. सानिका दोन्ही हात बाजूला पसरून दुकानाच्या मधोमध उभी राहिली. "छाती अडतीस," मी पुटपुटले.

"ऐकू नाय आलं."

"छाती अडतीस!" हे गरजले. इतक्या वर्षांनी तो आवाज सुटला आणि रस्त्यापलीकडे चहावाल्याने मान वळवली.

मी टेप कंबरेला लावली. आकडा बघितला आणि माझे हात थांबले. सानिका खाली वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"सांगा ना काकू."

"पस्तीस," मी म्हटलं.

"कंबर पस्तीस!"

"पास!" सानिका म्हणाली आणि इतकी मोठ्याने हसली की तिच्या अंगावर धरलेली माझी टेप निसटून खाली पडली. कोपऱ्यातली ती मुलगी आईच्या मागून बाहेर आली होती आणि तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होती. मला रडू आलं. मी टेप उचलायच्या निमित्ताने खाली वाकले आणि जरा वेळ खालीच राहिले.

मग कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला आणि सवयीने विचारलं, "दोन बोटं वाढवू?"

"नको काकू," सानिका म्हणाली. "आहे तेवढाच शिवा."

मी बरोबर मापावर रेघ ओढली.